गॅलरीतले रसिक

डिसेंबर आला की माझं डोकं फिरतं. थंडीनं नव्हे. नवी मुंबईची थंडी ती काय, पहाटे पंखा पाचावरून दोनावर आणायचा आणि उन्हं आली की परत पाचावर. डोकं फिरतं ते कमानींनी. आठ-दहा दिवसांत चौकाचौकांत कमानी उभ्या राहतात. महोत्सव. भव्य महोत्सव. त्याच्याही पुढचा, अतिभव्य. सकाळी पेपर उघडला की मांडीवर हँडबिलं पडतात. संगीत महोत्सव खारघरला, संगीत आणि खाद्य महोत्सव नेरूळला, आणि दोन्ही एकाच शनिवार-रविवारी. खाली ठळक अक्षरांत ‘भरपूर पार्किंग’. गाणार कोण आहे ते शोधायला मला चष्मा लागतो, पार्किंग मात्र बिनचष्म्याचं दिसतं. मी ते हँडबिल नीट वाचते, मनातल्या मनात चार शिव्या घालते आणि त्याच कागदावर मटार सोलायला बसते.

मटाराची शेंग फुटली की जो हिरवा, गोडसर वास येतो ना, त्यानं मला वाशीची ती थंडी आठवते. नव्वदीतली. आम्ही साताऱ्याहून आलो होतो, ह्यांची कंपनी महाप्याला होती आणि वाशीत चार मजली बिल्डिंगीत दुसऱ्या मजल्यावर आमचा फ्लॅट होता. तेव्हा इथे थोडी तरी थंडी पडायची. संध्याकाळी खाडीकडून ओल यायची. ठाणे-बेलापूर रोडच्या कारखान्यांचा औषधासारखा उग्र वास खाली येऊन बसायचा. वारा फिरला की मार्केटातल्या कांद्याचा. नाक वर केलं की वारा कुठला ते आम्ही सांगायचो. हवामान खात्याची गरजच नव्हती.

बिल्डिंगीच्या पुढ्यात मैदान. तीन बाजूंना चार-चार मजली बिल्डिंगी, चौथ्या बाजूला रस्ता आणि भाजीवाल्या. प्रत्येक फ्लॅटला मैदानावर उघडणारी गॅलरी. गॅलरीत वाळत घातलेले कपडे, तुळस, कांद्याची पिशवी आणि संध्याकाळी माणसं. तेव्हा गॅलऱ्या बंद करून घ्यायची साथ अजून आली नव्हती. लोक संध्याकाळी गॅलरीत राहायचे असंच म्हटलं पाहिजे. चहा तिथे, पेपर तिथे, मुलांचा अभ्यास तिथे, भांडणंही तिथेच, सगळ्या मैदानाला ऐकू जातील अशी.

आमच्याच बिल्डिंगीत तळमजल्यावर बर्वेकाका राहायचे. रिटायर झालेले, गाण्याचे भयंकर वेडे. “सुधाताई, नवीन गावाला आधी कान उगवले पाहिजेत, मग बाकीचं,” असं म्हणायचे. त्यांनी चार टाळकी जमवली आणि त्या मैदानात हिवाळी संगीत महोत्सव सुरू केला. शुक्रवार, शनिवार, रविवार. तिकीट नाही. पुढे सतरंज्या, मागे मंडपवाल्याच्या पांढऱ्या प्लॅस्टिकच्या खुर्च्या, वर कापडाचं छत नाही, उघडं आभाळ. दुपारपासून पोरं आपापल्या आयांच्या चादरी आणून सतरंजीवर जागा धरायची. संध्याकाळी बायका स्वेटर घालून आणि पुरुष कानटोप्या घालून यायचे. गाणं अर्ध्यावर आलं की वरच्या कुठल्यातरी मजल्यावर कुकरची शिट्टी व्हायची आणि एकजण हमखास म्हणायचा, “वा! सम आली!” मुंबईहून आलेल्या एका गवयांनी तर आलाप थांबवून हसत हसत वर पाहिलं होतं. आम्हाला काय कौतुक त्याचं! आमच्या मैदानात गाणं आणि भात एकदमच शिजतात, असं आम्ही पाहुण्यांना सांगायचो.

मी त्या महोत्सवात कोण होते? तर तानपुरा धरणारी. साताऱ्यात मी माझ्या गुरुजींकडे लग्नाआधी आणि लग्नानंतरही जमेल तशी पुष्कळ वर्षं शिकले होते. वाशीत मुलांना शिकवायचे. सा रे ग म करून घ्यायचे, आणि त्यांच्या आया विचारायच्या, “बाई, गॅदरिंगपर्यंत एक गाणं बसेल ना?” महोत्सवात येणाऱ्या मोठ्या कलाकारांच्या मागे मी तानपुरा घेऊन बसायचे. आणि सुरुवातीची वंदना माझी. पत्रिकेत माझं नाव दीपप्रज्वलनाच्याही वर असायचं, म्हणजे कार्यक्रम सुरू व्हायच्या आधी. मी वंदना म्हणत असायचे तेव्हा लोक चपला कुठे काढाव्यात ते बघत असायचे.

तिसऱ्या वर्षी महोत्सव संपला तेव्हा बर्वेकाकांनी माइकवरून जाहीर केलं की पुढच्या वर्षी आपल्या सुधाताईंना पूर्ण एक तास. टाळ्या पडल्या. वर गॅलरीतून नलूवहिनी ओरडल्या, “व्हायलाच पाहिजे! कधीचं व्हायला पाहिजे होतं!” नलूवहिनी म्हणजे आमच्या शेजारच्या. दाराला दार. वयानं माझ्यापेक्षा थोड्या मोठ्या, मला ‘तू’ म्हणायच्या, आणि माझ्या रियाजाच्या वेळी आपला मिक्सर बंद ठेवायच्या. तेवढं केलं तरी मोठं प्रेम मानायचं असतं फ्लॅटमध्ये.

तुम्हाला वाटेल, एक तास तो काय. मला विचारा. माझी चाळिशी उलटली होती. गळा तेव्हा तयार होता. आणखी दहा वर्षांनी तसा राहणार नाही हे मला कळत होतं. घरात कोणाचा विरोध नव्हता, पण कोणाला घाईही नव्हती. ह्यांना गाण्यातलं काडीचं कळत नाही, हे त्यांनी मला बघायला आले तेव्हाच सांगून टाकलं होतं, त्यामुळे त्यांच्यावर राग नाही. पण मला आयुष्यात एकदा, माझ्या ओळखीच्या माणसांसमोर, विलंबित ख्यालापासून सगळं नीट मांडून गायचं होतं. तो तास रंगला की बर्वेकाकांच्या ओळखीनं आणखी चार ठिकाणची बोलावणी येतील आणि मी ‘शिकवणाऱ्या बाई’ची ‘गाणारी बाई’ होईन. इतकंच. ह्याच्यापेक्षा मोठं काही मी देवाकडे कधी मागितलं नाही. त्या वर्षी वर्षभर मी पहाटे दार-खिडक्या लावून रियाज केला. माझी वेळ दिवेलागणीची म्हणून राग निवडला पूरिया धनाश्री. सूर्य बुडाला आणि दिवे अजून नीट लागले नाहीत, त्या मधल्या वेळचा राग. ती वेळ गेली की त्याची अर्धी चव गेली.

आणि इथे आमच्या कमिटीची अक्कल आडवी आली.

त्याचं असं झालं. बर्वेकाका तिसऱ्या वर्षी स्टेजवर उभे राहून चारी बाजूंना बघत होते. मैदानात माणसं मावत नव्हती हे खरं. पण काकांची नजर वर गेली. तिन्ही बाजूंच्या गॅलऱ्या चारही मजले भरलेल्या, प्रत्येक गॅलरीत दिवा, प्रत्येक दिव्याखाली तीन-चार डोकी. काका गहिवरले. “ही आपली खरी ताकद! ह्या लोकांना खाली बसायला जागा नाही म्हणून बिचारे वर उभे आहेत.” पुढे मीटिंग झाली, आमच्याच हॉलमध्ये, मी केलेले पोहे खाऊन. मैदान लहान पडतं ह्यावर सगळ्यांचं एकमत झालं. खालचे इतके आणि वरचे तितके, म्हणजे दुप्पट मैदान पाहिजे! एवढी शिकलीसवरलेली माणसं, त्यांतले दोघे तर इंजिनिअर, पण एकाच्याही डोक्यात आलं नाही की गॅलरीतला माणूस गाण्याला आलेला नाही. तो घरी आहे. गाणं त्याच्याकडे आलं आहे.

मीही त्या मीटिंगला बसले होते. मोठं मैदान म्हटल्यावर माझ्याही डोळ्यांपुढे मोठी गर्दी आली. खोटं कशाला बोलू?

नवी जागा मिळाली ती मार्केटच्या पलीकडे, तुर्भ्याच्या अंगाला. मोठा मोकळा प्लॉट, कुंपण घातलेला, कोणा कारखानदारानं तीन दिवसांपुरता दिला होता. दिवसा बघायला गेलो तेव्हा छानच वाटला. गवत वाळून पिवळं पडलेलं, लांबवर पारसिकचे डोंगर, आभाळ ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत. “वा! काय स्वर फिरेल इथे!” बर्वेकाका म्हणाले. स्वर फिरेल हो, पण माणसं कशी फिरणार? मध्ये मार्केट. ट्रकच्या रांगा, दोन्ही बाजूंना लावलेल्या. रस्त्यावर दिवे असले तर असले. रिक्षावाला जाताना न्यायचा, पण परत यायला तिथे थांबणार कोण? कमिटीनं स्टेशनजवळून एक बस ठेवली होती. लोक म्हणाले, बस चांगली आहे, पण मध्येच उठून यायचं झालं तर? गाण्याला निघण्याआधीच मध्येच उठायचा विचार! आमचे दर्दी!

आणि आमचं जुनं मैदान? ते रिकामं राहील असं आम्हाला वाटलं होतं. रस्त्यापलीकडच्या गावठाणातल्या पोरांच्या मंडळानं ते लगेच धरलं. त्याच तीन संध्याकाळी. ऑर्केस्ट्रा, आकाशपाळणा, पावभाजी, मच्छीचे स्टॉल. बर्वेकाका तावातावानं भांडायला गेले तेव्हा मीही बरोबर होते. मंडळाचा अध्यक्ष म्हणजे अंगापिंडानं दांडगा पण बोलायला मऊ मुलगा. तो म्हणाला, “काका, तुमी मैदान सोरला म्हनून आमी घेतला. लोकांना त्या तारखांची सवय झाली हाय ना. तुमी पन या, कुपन देतो पावभाजीचं.” काय चुकीचं बोलला? तारखांची सवय आम्ही लावली, मैदानाची सवय आम्ही लावली, आणि भरलेलं ताट त्याच्यापुढे सरकवून आम्ही मार्केटपलीकडे पंगत मांडायला निघालो. हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागणं म्हणतात ते हेच.

तरी मला वाटत होतं, आपली माणसं येतील. ऑर्केस्ट्रा काय, गणपतीतही असतो. माझं गाणं रोज नसतं. नलूवहिनींनी तर आठ दिवस आधीपासून चालवलं होतं, कुठली साडी नेसू, थंडी असेल का, शाल घेऊ का. मी म्हटलं, “वहिनी, शाल घ्याच, तिकडे मोकळं आहे.” त्या म्हणाल्या, “अगं, तुझं गाणं आहे म्हटल्यावर मी गोधडी घेऊन बसेन!”

शुक्रवारी फारसं कोणी आलं नव्हतं, पण ऑफिसचा दिवस म्हणून आम्ही ते मनावर घेतलं नाही. माझा तास शनिवारी, त्या दिवशी आम्ही ऊन असतानाच पोचलो. मी मोरपंखी इरकल नेसले होते, आईची. स्टेजवर तानपुरे लावले. पुढे खुर्च्याच खुर्च्या, नजर जाईल तिथपर्यंत, दुप्पट मैदानाच्या हिशेबानं मागवलेल्या. सगळ्या पांढऱ्या आणि सगळ्या रिकाम्या. पहिल्या रांगेत हे, बर्वेकाकू, कमिटीच्या बायका. त्यांच्या मागे बसमधून आलेले काही आजोबा, मफलर गुंडाळून, खुर्च्या एकमेकांजवळ ओढून बसलेले. माझ्या दोन-तीन विद्यार्थिनी आणि त्यांना सोडायला आलेले, सारखं घड्याळ बघणारे त्यांचे वडील. संपलं.

“थोडं थांबू या,” बर्वेकाका म्हणाले, “लोक निघाले असतील.” थांबलो. सूर्य मार्केटच्या शेडमागे टेकला. “येतील, ट्रॅफिक आहे.” थांबलो. आभाळ तांबूस झालं, मग जांभळं, मग राखाडी. माझ्या रागाची वेळ माझ्या डोळ्यांदेखत निघून चालली होती आणि मी स्टेजमागे कोमट पाणी पीत उभी होते. दव पडायला लागलं. तबलजी हातोडी घेऊन परत परत तबला लावत होते, ओल धरून तो सारखा उतरत होता. मी म्हटलं, “काका, आता तरी सुरू करू दे.” काका रस्त्याकडे बघत म्हणाले, “ते बघा दिवे, आले वाटतं.” ट्रक होता.

अंधार पडल्यावर बसले. तबलजी हळूच म्हणाले, “ताई, यमन घेता का? ह्याची वेळ गेली.” मी म्हटलं, “नाही. वर्षभर हाच केलाय.” रागच आला होता मला. वेळेचा, काकांचा, रस्त्याचा, सगळ्यांचा. पहिला सा लावला तो थरथरला. वारा आला की जुन्या मैदानावरच्या ऑर्केस्ट्राचा ढोल ऐकू यायचा, धम्म धम्म, माझ्या ठेक्याला काडीचाही संबंध नसलेला. पुढे एक आजोबा खोकत होते. मी विलंबित कसाबसा रेटत होते. समोर बघवत नव्हतं. गर्दीसमोर घाबरतात असं ऐकलं होतं. रिकाम्या खुर्च्यांची भीती त्याच्या दसपट असते, हे मला कोणी सांगितलं नव्हतं.

तेवढ्यात मागून एक टेम्पो आत शिरला. रिव्हर्स घेताना वाजतं ना ते किरकिरं संगीत, ते वाजवत. त्यातून मंडपवाल्याची माणसं उतरली. मंडपवाला दोन्ही मैदानांचा एकच. तिकडे खुर्च्या कमी पडल्या होत्या. माणसं उभी होती. माझ्याकडे खुर्च्या जास्त होत्या. तो बर्वेकाकांच्या कानाशी लागला. मी गाता गाता बघत होते. मला वाटलं, आता काका त्याला हाकलून देतील. काकांनी एकदा स्टेजकडे पाहिलं, एकदा त्या पांढऱ्या पसाऱ्याकडे पाहिलं आणि मान डोलावली. नंतर मला म्हणाले, “रिकाम्या दिसण्यापेक्षा गेलेल्या बऱ्या, असा विचार केला हो मी.”

माझं गाणं चालू असताना त्यांनी खुर्च्या उचलल्या. शेवटच्या रांगेपासून. एकात एक, एकात एक, खट्, खट्, खट्. उंच चळती करायच्या आणि टेम्पोत टाकायच्या. आजोबा लोक मागे वळून बघायला लागले. माझ्यापेक्षा तिकडे जास्त घडत होतं ना! एका आजोबांनी तर आपली खुर्ची घट्ट धरून ठेवली.

काय वाटलं म्हणून विचारू नका. अपमान हा शब्द फार गुळगुळीत आहे. डोळ्यांत पाणी आलं, नाही म्हणत नाही. मग मी डोळे मिटले. म्हटलं, न्या. सगळ्या न्या. स्टेजही न्या. आता मला कोणाला काही दाखवायचं नाही, कोणाकडून काही मिळवायचं नाही. आणि त्या क्षणी, देवाशपथ सांगते, तीव्र मध्यम असा लागला की माझ्याच अंगावर काटा आला. वर्षभर रियाजात जो हुलकावणी देत होता तो. मग पंचम आपोआप आला. मग मला ढोल ऐकू आला नाही, खट् खट् ऐकू आलं नाही. तबलजींचा हात एकदम बदलला. त्यांनाही कळलं असणार. द्रुत कधी सुरू केलं, किती वेळ गायले, मला आठवत नाही. वेळ टळून गेलेला राग होता, पण माझ्यासाठी तो थांबला होता. गाण्यासाठी लोक काय काय सोडतात म्हणे. का सोडत असतील ते मला त्या संध्याकाळी कळलं, आणि नंतर ते पुन्हा कधी हाती लागलं नाही.

डोळे उघडले तेव्हा पुढे तेवढेच लोक आणि मागे नुसतं मैदान होतं. टाळ्या पडल्या, त्या उघड्यावर लगेच विरून गेल्या. हे म्हणाले, “छान झालं. नेहमीसारखंच.” माझ्यानंतर गाणारे मोठे गवई अजून ट्रकच्या रांगेत अडकले होते. त्यांनी काही ऐकलं नाही. येऊन त्यांनी समोर बघितलं, चहा घेतला आणि आपलं गाणं आटोपतं घेतलं. रविवारचा कार्यक्रम कमिटीनं एका हॉलमध्ये उरकला. बर्वेकाका म्हणायला लागले, “आपलं मार्केटिंग कमी पडलं.” आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी.

रिक्षा मिळाली नाही. तानपुरा ह्यांच्या खांद्यावर, आम्ही मार्केटपर्यंत चालत आलो आणि तिथून कशीबशी एक मिळाली. जुन्या मैदानाशी उतरलो तर काय ती रोषणाई! पाळणा फिरतोय, भाजी तव्यावर चरचरतेय, पोरं फुगे घेऊन धावतायत. आणि माझ्या खुर्च्यांवर माणसं. ओळखीची सगळी. माझ्या विद्यार्थ्यांच्या आया होत्या, किराणावाले होते, कमिटीतल्या एका इंजिनिअरची बायकोसुद्धा होती. ती मला बघून पदराआड झाली. जिना चढून वर आले तर नलूवहिनी दारातच. अंगावर ती ठरवलेली साडी, त्यावर शाल.

“कसं झालं गं?” त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, “तुम्ही येणार होतात, वहिनी.”

“अगं, निघालेच होते! पण ह्यांनी म्हटलं, येताना रिक्षा मिळायची नाही. मग आम्ही गॅलरीत खुर्च्या टाकून बसलो. म्हटलं, आज सुधाचं गाणं आहे, इथून ऐकू. तर तुझा आवाजच आला नाही बाई! नुसता त्या मेल्यांचा ऑर्केस्ट्रा!”

बाई खरं बोलत होती हो! थट्टा नव्हती, सबब नव्हती. तीन वर्षं गाणं गॅलरीत आलं होतं, म्हणून ह्याही वर्षी येईल, असं तिनं मनापासून धरलं होतं. मार्केटपलीकडून, ट्रकांच्या वरून, कांद्याचा वास यायचा तसं. आमच्या अख्ख्या गावाची हीच समजूत. पिकतं तिथे विकत नाही म्हणतात. आमच्याकडे त्याच्यापुढची तऱ्हा, दारात आणून ओतलं तरच खातात. मी कुलूप उघडलं आणि आत गेले.

पुढल्या वर्षी महोत्सव परत जुन्या मैदानात आला. कमिटी आणि मंडळ एक झालं. एका बाजूला स्टेज, दुसऱ्या बाजूला पाळणा, मधे पावभाजी. बर्वेकाका घरी आले, हात जोडले, म्हणाले, “सुधाताई, तुमचा तास पक्का. मागचं विसरा.” मी गायले. मैदान गच्च, गॅलऱ्या चारही मजले गच्च, नलूवहिनी वरून “वा! वा!” करत होत्या. तोच राग, वेळही अगदी बरोबर, दिवेलागण. एक सूर चुकला नाही. पण त्या सगळ्यांची तोंडं समोर दिसत होती आणि मला त्यांना काही द्यावंसं वाटत नव्हतं. घोटलेलं होतं ते म्हणून दाखवलं. आतून ओठ घट्ट मिटलेले होते. आणि काय टाळ्या पडल्या! लोक उभे राहिले. बर्वेकाकांच्या डोळ्यांत पाणी. शाल मिळाली, नारळ मिळाला. नंतर बोलावणीही आली हो, नाही असं नाही. दोन हळदीकुंकवाची आणि एक बारशाचं.

मग गळा उतरला. उतरतोच. आता मी साठी कधीच ओलांडली आहे. तारसप्तकातला षड्ज लावायला गेले तर खोकला येतो. बर्वेकाका गेले. मैदानाला कुंपण झालं. गॅलऱ्या सगळ्यांनी काचा लावून खोलीत घेतल्या आणि काचेवर एसी बसवले, त्यामुळे आता गाणं काय, भूकंपही ऐकू यायचा नाही. आणि हे नवे महोत्सववाले अजून तेच करतात. मोठं मैदान, लांबचं मैदान, दुसऱ्याच्या तारखेवर आपली तारीख, आणि लोक आले नाहीत की “रसिकता संपली” म्हणून भाषणं. रसिकता होती कधी? शेजार होता. शेजाराला आम्ही रसिकता म्हणत होतो.

गेल्या आठवड्यात आमच्या सोसायटीत बायकांची भिशी होती. विषय महोत्सवाचाच निघाला. नवीन राहायला आलेल्या एका मुलीला नलूवहिनी सांगायला लागल्या. ऐंशीच्या घरात आहेत, पण आवाज खणखणीत. “ह्या सुधाचं गाणं ऐकायला हवं होतंस गं तू. काय ती गर्दी! पाय ठेवायला जागा नव्हती. मी वरून ऐकलंय, अजून कानात आहे माझ्या.”

दर वर्षी मी हसून सोडून देते. ह्या वर्षी कोण जाणे काय झालं. मी म्हटलं, “वहिनी, ते माझं गाणं नव्हतं. माझं गाणं त्याच्या आदल्या वर्षी झालं. मी खरं गायले ते तेव्हा. तुम्ही नव्हतात.”

नलूवहिनींनी कपाळाला आठ्या घालून खूप आठवून पाहिलं. मुद्दाम नाही, अगदी प्रामाणिकपणे. मग माझ्या गुडघ्यावर हात ठेवून, म्हातारपणी होतो गोंधळ कोणाचाही, अशा समजुतीच्या सुरात म्हणाल्या, “आदल्या वर्षी? नाही गं. त्या वर्षी ऑर्केस्ट्रा होता. तू एकदाच गायलीस.”